आज हां, सकाय परत इचार

चमेलीबाई बाप्तिस्म्याला नदीत उतरली आणि कोरडं डोकं घेऊन परत आली, ही गोष्ट शिरपूरकडच्या त्या पाड्यांवर अजून हसत हसत सांगतात. हसणाऱ्यांना काय, हसायला दात पुरतात! पण तिची लेक हेमलता, तेव्हा बारा वर्षांची, तीसुद्धा लाजेनं अर्धमेली झाली होती. मग दुसऱ्यांना कशाला बोल लावायचा?

अनेर नदीत त्या दिवशी अकरा जण रांगेनं उभे होते. पाळक कुवरसिंगभाऊ एकेकाला विचारत होते, “ज्यांनी तुमचं वाईट केलं, त्या सगळ्यांना माफ केलं का?” जो तो ‘हो’ म्हणायचा आणि डुबकी घेऊन वर यायचा. चमेलीबाईची पाळी आली. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती म्हणाली, “बठ्ठासले माफी दिन्ही. सुकलालले नही.”

काठावर खसखस पिकली. कुवरसिंगभाऊ हळूच म्हणाले, “म्हणून टाक ना अक्का. देव समजून घेतो.”

“देवले बठ्ठं समजस, म्हनीसन तं खोटं बोलता येत नही,” असं म्हणत बाई लुगडं पिळत वर आली आणि सरळ घराकडे चालू लागली.

सुकलाल हा तिचा शेजारी. दोघांच्या शेताच्या बांधावर चमेलीबाईचं मोहाचं झाड होतं. कोणता मोह कुणाच्या घरचा, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. हेमलताचा बाप लवकर गेला. त्यानंतर त्या मोहाची फुलं वेचून, वाळवून मायलेकी जगल्या. तान्हेपणी हेमलताची झोळीही त्याच मोहाच्या फांदीला बांधलेली असायची. एका वर्षी दोघी गुजरातेत ऊसतोडीला गेल्या, परत येऊन बघतात तर बांधावर नुसता बुडखा! मोह सुकलालच्या नव्या घराच्या छपरात गेला होता. “मला वाटलं, तुम्ही आता येत नाही,” म्हणे! चोर तो चोर, वर शिरजोर.

तर या माणसाला माफ करायचं होतं. नऊ वर्षं चमेलीबाई चर्चच्या पत्र्याखाली मागच्या सतरंजीवर बसली. प्रभुभोजनाची ताटली आली की आपण न घेता शेजारणीकडे सरकवायची. हेमलता चिडायची, “आई, एक हो म्हणायला तुझं काय जातं?”

“मंग देवले तोंड कसं दावू?” एवढंच ती म्हणायची.

नदीत त्या दिवशी ‘हो’ म्हणून डुबकी घेतलेल्या दोघा भावांनी आठवड्याच्या आत एका बैलावरून काठ्या काढल्या होत्या. त्यांना मात्र ताटली बिनघोर मिळत होती. हे आठवलं की हेमलताला आजही हसू येतं.

नदीतली बातमी सुकलालच्या कानावर गेलीच. आधी तो फणफणला. मग त्यानं त्याची थट्टाच करून टाकली. सकाळी हापशावर चमेलीबाई दिसली की विचारायचा, “काय अक्का, आज?” ती हापसता हापसता म्हणायची, “नही.” रोज! पाड्यावर त्यावर घड्याळ लावलं असतं तरी चाललं असतं.

हेमलता नर्स होऊन धुळ्याला नोकरीला लागली, त्या वर्षी सुकलालला नातू झाला. पोरगं तीन महिन्यांचं, रडून रडून निळं व्हायचं. तान्ह्या पोरांना चमेलीबाईचा हात लागू पडायचा, म्हणून सून तिला बोलवायला आली. त्या घरात बाईचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. झोळीची दोरी धरून तिनं वर पाहिलं. झोळी छपराच्या ज्या लाकडाला बांधली होती, त्यावर जुन्या दोरीचा काचलेला वळ होता. तिनं स्वतः बांधलेल्या दोरीचा.

ती दुपारपर्यंत झोका देत बसली. संध्याकाळी फोनवर लेकीला म्हणाली, “तुनी झोळीनं लाकूड शे ते. अजून पोरगं निजाडस.” आणि दोघी फोनवर कितीतरी वेळ रडल्या.

दुसऱ्या दिवशी सुकलालनं सवयीनं विचारलं, “काय अक्का, आज?”

“आज हां. सकाय परत इचार.” सकाय म्हणजे उद्या.

घागर भरून वाहू लागली तरी सुकलाल हापसतच राहिला.

पुढच्या बाप्तिस्म्याला ती पुन्हा नदीत उतरली आणि कुवरसिंगभाऊंनाही तिनं हेच उत्तर दिलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे उद्याचा भरवसा नाही?”

“मना मनना नही. उद्याना भरवसा देववर शे,” ती म्हणाली. भाऊंनी तिच्या डोक्यावर हात टेकला आणि तिला डुबकी दिली.

सुकलाल पुढंही रोज विचारत राहिला, पण थट्टेचा सूर गेला होता. कधी एखाद्या सकाळी, जुनं काही उफाळून आलं की, ‘नही’ यायचं. त्या रविवारी ताटली पुन्हा न घेता पुढं सरकायची. अशी वर्षं गेली. दोघंही म्हातारी झाली, सुकलालचा हात हापशावर थकू लागला, तेव्हा त्याची घागरही तीच भरू लागली.

मागच्या उन्हाळ्यात चमेलीबाई अंथरुणाला खिळली. हेमलता रजा काढून आली. एका संध्याकाळी आईनं तिचा हात धरला. “सकाय सुकलाल इचारी. त्याले सांगजो, हां शे. आते परत इचारानं काम नही.”

पहाटे ती गेली.

उजाडता उजाडता सुकलाल काठी टेकत दारात आला. ती अंथरुणाला खिळल्यापासून तो रोज असा दारातच विचारायला यायचा. आत काय झालंय याची त्याला कल्पना नव्हती. उंबऱ्याबाहेरूनच त्यानं हाक दिली, “काय अक्का, आज?”

हेमलता दारात आली. 

“हां शे, नाना. आते परत इचारानं काम नही.”

सुकलालनं काठी खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसून तो लहान पोरासारखा रडला.