आवाजांच्या साइटचं दार

राहात्यात माझं औषधांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी पक्ष्यांचे आवाज ऐकत बसते. याच नादातून काष्टीच्या एका पोल्ट्रीवाल्याशी ओळख झाली. शेडमधली कामं उरकून तो फोनवर बघून बघून साइट बनवायला शिकला होता. आम्ही दोघांनी मिळून एक साइट काढली. ज्याला जो पक्षी ऐकू येईल त्याचा आवाज त्यानं टिपून तिथं टाकायचा आणि तो कुणाचा ते बाकीच्यांनी सांगायचं. फी नाही, जाहिरात नाही. शिक्षक, एसटीचे कंडक्टर, शेतकरी, कॉलेजच्या मुली अशी माणसं हळूहळू जमली.

एका सकाळी दुकान उघडलं, फोन बघितला, तर साइटवर नव्या सभासदांची रीघ लागलेली. नावं अशी की उच्चारताही येऊ नयेत. कुणी जुगाराची जाहिरात टाकलेली, कुणी परदेशी गोळ्यांची. औषधवालीलाच गोळ्या विकायला निघाले होते! मी एकेक पुसत गेले, तोवर तितकेच पुन्हा उगवले. कुणीतरी हौसेनं टाकलेला खंड्याचा आवाज त्या कचऱ्याखाली पार गाडला गेला.

काष्टीला फोन केला. तो म्हणाला, "ताई, ही मानसं न्हाईत, मशिनी हायेत. दमत न्हाईत, लाजत न्हाईत. दाराला कुलूप लावावं लागंल."

त्यानं नोंदणीच्या पानावर एक तयार चित्रकोडं आणून बसवलं. नऊ चौकोनांतले बस असलेले चौकोन ओळखायचे, मगच आत प्रवेश. दुसऱ्या दिवशी साइट चिडीचूप झाली. आम्ही खूश.

त्याच आठवड्यात, साइटवर दिलेल्या दुकानाच्या नंबरवर एका बाईंचा फोन आला. आवाज तरुण, बोलणं ठाम.

"ताई, पक्ष्यांच्या आवाजाची साइट तुमचीच ना? मी श्रीरामपूरला बँकेत आहे. मला सभासद व्हायचंय, पण तुमचं दार मला आत घेत नाही. मला दिसत नाही जन्मापासून."

मी गडबडले. म्हणाले, "अहो, मग मी तुमचं खातं हातानं उघडून देते की."

"माझं द्याल हो. माझ्यामागून येईल त्याचं काय? त्यापेक्षा तुम्ही इकडं या. तुमची साइट कशी ऐकू येते ते दाखवते."

रविवारी मी एसटीनं श्रीरामपूरला गेले. स्टेशनजवळच्या गल्लीत त्यांचं घर, पहिल्या मजल्यावर. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. चहा त्यांनी स्वतःच केला. कप माझ्यापुढं ठेवताना बशीवर एक थेंब सांडला नाही.

मग त्यांनी फोन हातात घेतला. बोट फिरेल तसा फोनमधला आवाज पडद्यावरचं वाचून दाखवत होता, पण इतक्या वेगानं की मला ते बोलणं आहे हेच कळेना. ताटलीत तांदूळ ओतल्यासारखा नुसता सळसळाट.

"हे कळतं तुम्हाला?" मी विचारलं.

"कळतं की. हळू केलं तर झोप येते." त्या हसल्या आणि माझ्यासाठी त्यांनी वेग कमी केला.

आमचं नोंदणीचं पान मी पहिल्यांदा ऐकलं. "नाव, रकाना. गाव, रकाना. चित्र. चित्र. चित्र. चित्र..." नऊ वेळा चित्र, आणि मग "बटण". आवाजांसाठी काढलेल्या साइटच्या दाराशी कानांना काही मिळतच नव्हतं. ऐकून कोडं सोडवायची सोय होती, पण ती म्हणजे खरखरीत पुटपुटलेले, बाईंनाही न उमगणारे इंग्रजी आकडे.

तिथूनच मी काष्टीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. आमचं बोलणं ऐकून पोल्ट्रीवाला म्हणाला, "थांबा, चित्रं काढून टाकतो. दुसरी युक्ती हाय." त्यानं पानावर एक जादा रकाना टाकला आणि तो डोळ्यांना दिसणार नाही असा लपवला. माणसाला दिसतच नाही म्हटल्यावर तो भरणार नाही. मशीन पानाच्या पोटात शिरून सगळं वाचतं, आणि सापडेल तो रकाना भरतं. ज्यानं भरला तो बाहेर.

बाईंनी लगेच नोंदणी करून पाहिली. फोननं तो लपवलेला रकानाही इमानेइतबारे वाचून दाखवला, बाकीच्यांसारखाच समजून त्यांनी तो भरला आणि पान म्हणालं, प्रवेश नाही.

"मी पुन्हा मशीनच ठरले की हो!" त्या खळखळून हसल्या.

पलीकडून पोल्ट्रीवाला ओशाळून म्हणाला, "तुमचा फोन बी पोटातलं वाचतोय व्हय? हे आपल्याला ठावंच नव्हतं, ताई."

मग त्यांनी सांगायचं आणि त्यानं करायचं असं सुरू झालं. रकाना फोनच्या आवाजापासूनही लपवला. खाली साध्या मराठीत एक प्रश्न ठेवला: कोंबडा कधी आरवतो? उत्तरं आम्हीच वाचायची, आणि नव्या माणसाचा पहिला आवाजही आधी आम्ही ऐकायचा, मग साइटवर सोडायचा. बाईंनी पुन्हा नोंदणी केली. या वेळी त्या आत गेल्या.

एव्हाना ऊन उतरलं होतं. गल्लीच्या तोंडाशी पिंपळ होता आणि त्यावर साळुंक्या मुक्कामाला जमत होत्या. कलकलाट इतका की आम्हाला आवाज चढवून बोलावं लागत होतं. बाई गॅलरीत आल्या, कठड्याला हात टेकून उभ्या राहिल्या. जरा वेळानं त्यांनी बोट वर केलं.

"आता थांबतील."

मला काहीच फरक जाणवत नव्हता. आणि एकदम, कुणी पाणी तोडावं तसा तो सगळा गोंगाट तुटला. शेकडो पाखरं गप्प. खालून सायकलची घंटी ऐकू आली, कुठल्या तरी घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आधी कडेच्या थांबतात," त्या हळूच म्हणाल्या. "मग आतल्या. ते थांबणं आत सरकताना ऐकू येतं."

साळुंक्या पुन्हा ओरडायला लागल्या. मी डोळे मिटून कडेच्या कुठल्या ते शोधत राहिले. तीनदा त्या गप्प झाल्या, तिन्ही वेळा मला नंतरच कळलं. तरी शेवटची एसटी चुकायची वेळ येईपर्यंत मी हलले नाही. इतकी वर्षं मी आवाज ऐकतेय, पण आवाजाला कड असते आणि मध्य असतो हे त्या गॅलरीत समजलं.

मशिनी अजून येतात. बऱ्याचशा लपवलेल्या रकान्यात अडकतात, एखादी प्रश्नाचंही बरोबर उत्तर देते. म्हणून नव्यांचे पहिले आवाज आता बाईही ऐकतात, बँकेतून घरी आल्यावर. कोंबड्याच्या प्रश्नाला माणसं काय काय लिहितात! पहाटे, झुंजूमुंजू, तांबडं फुटताना. एका आजोबांनी लिहिलं होतं, "आमचा येडा हाय, कवाबी आरवतो." त्यांना आम्ही तिघांनी एकमतानं आत घेतलं.

त्या आजोबांनी पाठवलेल्या पहिल्या आवाजात मला नुसती विहिरीवरची मोटार ऐकू आली. मी तो पुसणारच होते. बाईंचा निरोप आला, "ताई, मोटारीच्या मागे ऐका. लांब, डावीकडं. माळढोक तर नसेल ना? मी असा आवाज आधी कधी ऐकला नाही."

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी कानाला फोन लावला. मोटारीच्या घरघरीपलीकडं, फार दूर, काहीतरी खोल घुमत होतं. माळढोक तर आता आपल्याकडं जवळजवळ उरलेलाच नाही. ते काय आहे ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. काष्टीचा पोल्ट्रीवाला आणि मी येत्या रविवारी आजोबांच्या विहिरीवर जाणार आहोत, आणि बाई म्हणाल्यात, मोटार बंद ठेवायला सांगा, मी पण येते.