वरून सोडलेली ओटी

मालकीणबाईंनी हात वर धरले आणि ओंजळीतले तांदूळ माझ्या नातीच्या ओढणीत वरून सोडले. मागून नारळ. तो पोरीच्या बोटांवर आपटला.

लांब निघालेल्या लेकीची ओटी भरतात आमच्याकडं. पाटावर बसवतात, समोर बसून ओंजळीनं घालतात. आम्हाला पाट न्हाई. बाई ओट्यावर, आम्ही ओट्याखाली. शिवाशिव नको म्हणून वरून.

आता तुम्ही म्हणाल, गेलात कशाला? सांगते. नात विष्णुपुरीच्या इंजिनेरी कॉलेजात शिकली. जर्मनीत पुढच्या शिक्षणाला नंबर लागला. कागदांत एक पोलिसांचा दाखला, वागणूक चांगली हाय म्हणून. ठाण्यातला जमादार म्हणला, "गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांच्या सह्या आणा." प्रतिष्ठित म्हणल्याबरोबर माझे पाय आपसूक मोठ्या घराकडं वळले. साठ वर्षांची सवय.

मालक ओट्यावर खुर्चीत बसले होते. नातीनं सहीचा कागद ओट्याच्या कडेला ठेवला, तो त्यांनी उचलला. म्हणाले, "काय गं म्हातारे, नात जर्मनीला चालली म्हणं? तिकडं झाडलोटीला माणसं मिळंना का?"

ते हसले. बाई हसल्या. मी बी हसले. होय, हसले. सांगताना तोंड कडू होऊन राहिलंय.

"सही करतो की," मालक म्हणाले. "पण आधी आमच्या लेकाचा, दादाचा अर्ज हिला भरून दे म्हणावं. त्याला बी तिकडंच धाडायचाय. तीनदा नापास झाला, पर डोकं लई हाय त्याला."

मग बाई तांदूळ घेऊन आल्या. नात ताठ उभी होती. मीच तिच्या कानात म्हणले, "ओढणी पुढं धर. वाक जरा."

ती वाकली. आणि मला माझी पाठ दिसली. मी आठ वर्षांची होते तवा ह्याच ओट्याखाली, भाकरीसाठी, अशीच वाकले होते. मायनं कानात हेच सांगितलं होतं. हेच शब्द. माय मला शिकवून गेली, मी नातीला शिकवत होते. वरून टाकणारे टाकत होते, पण वाकायला आम्हीच आमची लेकरं शिकवत होतो.

मी पोरीच्या ओढणीचा पदर धरला आणि सगळी ओटी त्यांच्या पायरीवर रिकामी केली. नारळ गडगडत पायरीखाली काढलेल्या मालकाच्या चपलेपाशी गेला.

"माजलीस का?" मालक उठले. "सही न्हाई मिळणार. बघतोच कशी जाती ही."

मी म्हणले, "मालक, तुमची नाळ माझ्या मायनं कापली. रक्ताचं अंग तिनं हातानं धुतलं तुमचं. तवा तिनं तुम्हाला वरून न्हाई सोडलं."

नातीनं त्यांच्या हातातला कागद काढून घेतला. आम्ही निघालो.

उद्या ठाण्यात जायचंय. कागदावर दोन सह्या झाल्यात. एक शेजारच्या पारूबाईची. मायच्या मागं गावाची बाळंतपणं तिनंच केली. दुसरी माझी. नातीच्या पहिलीच्या पुस्तकावरून शिकलेली अक्षरं, वाकडी हायेत, पण माझी हायेत.

जमादार म्हणंल, प्रतिष्ठित माणूस आणा. मी म्हणीन, आलंय, लिहून घ्या. न्हाई घेतलं तर परवा जाईन. तेरवा जाईन. वरच्या साहेबाकडं जाईन. नात संगं असंल. ओढणी खांद्यावर. कुणाच्याच पुढं पसरलेली न्हाई.