राधाबाईंची बोटीतली जागा

मी कुणाची उगाच स्तुती करत नाही, हे गिरगावच्या फणसवाडीत कुणालाही विचारा. उलट माझ्या तोंडी लागायला नको म्हणून लोक दुसऱ्या जिन्यानं जातात. पण परळच्या राधाबाईंचा विषय निघाला की या श्यामकांताची जीभ मऊ होते. ती का, हे एकदा सांगून टाकतो.

आमचं नेत्रसाहाय्य मंडळ फणसवाडीतल्या एका घराच्या पडवीत चालायचं. मी त्याचा चिटणीस. दर हिवाळ्यात एक डॉक्टर, एक नर्स, एक कंपाउंडर आणि कागदपत्रं सांभाळायला मी, असे आम्ही बोटीनं आफ्रिकेजवळच्या झांझिबारला जायचो, महिनाभर तिथल्या गोरगरिबांचे मोतीबिंदू काढायचो आणि परत यायचो. उरलेलं वर्ष त्यासाठी इथं वर्गणी मागत लोकांच्या दारात उभं राहायचं. पंचावन्न साली डॉक्टर म्हणाले, रोग्यांना सांभाळायला एक आया हवी. राधाबाई परळच्या एका इस्पितळात आया होत्या. चाळिशीच्या, काटक, नवरा गिरणीत छाती खराब होऊन गेलेला. अशा त्या आमच्यात आल्या.

त्या काळी मोतीबिंदू काढला की रोग्याला आठवडाभर उताणं निजवायचे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. हलायचं नाही, खोकायचं नाही, चावायचंसुद्धा नाही. टाका सुटला की डोळा गेला. त्यामुळे पेज हेच अन्न, आणि ती भरवायची राधाबाईंनी. चाळीस माणसं, दिवसातून तीन वेळा. कधी कुणाला ठसका लागला नाही, कधी कुणाची हनुवटी ओली राहिली नाही.

मी मात्र त्यांच्या हातचं खात नव्हतो. का ते विचारू नका, तुम्हाला कळलंच असेल. ‘पोट बरं नाही’ म्हणायचो आणि पाव-केळी खायचो. महिनाभर! त्या कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. केळी मात्र रोज न चुकता आणून ठेवायच्या. लाज वाटते हो आता सांगताना.

त्याच मुक्कामात झुहरा नावाची एक म्हातारी आली. लवंगा निवडून पोट भरणारी. एक डोळा लहानपणी देवीत गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि मान हलवली. मोतीबिंदू पिकला नव्हता, पुढच्या वर्षी बघू. म्हातारी रडली नाही, भांडली नाही, नुसती राधाबाईंचा हात धरून बसली. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. राधाबाईंनी आमच्या ओळखीच्या एका गुजराती दुकानदाराला हाक मारली आणि त्याच्याकरवी तिला सांगितलं, ‘पुढल्या साली आमची बोट येणार आणि तुला दिसणार. हा माझा शब्द.’

माझं टाळकं सटकलं. मंडळाच्या वतीनं शब्द द्यायचा अधिकार आयेला कुणी दिला? पण शब्द गेला तो गेला.

परत आलो तर मुंबई पेटलेली. छप्पनचा जानेवारी तो. गिरगावात, परळला, लालबागला गोळीबार, संचारबंदी. पुढं वर्षभर सगळ्यांच्या तोंडी एकच, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. आणि का नसावं? मीही मोर्चात घसा बसेस्तोवर ओरडलोय. पण मंडळाकडे कुणी फिरकेना. ज्याच्या दारात जावं तो म्हणे, आधी घरचं बघा. आमचे अध्यक्ष शरदचंद्र म्हणाले, यंदा राहू द्या. मी लगेच होकार दिला.

‘साहेब, ती म्हातारी दिवस मोजत असंल,’ राधाबाई म्हणाल्या. ‘तुम्ही बसा. मी फिरते.’

एकट्या बाईला कसं धाडायचं, म्हणून मी कुरकुरत मागे गेलो. लालबागच्या एका चाळीत कोंडीराम भेटला. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा, संयुक्त महाराष्ट्र समितीचा कार्यकर्ता, सख्खा पुतण्या जानेवारीत गोळीनं गेलेला.

‘राधाबाई, तुम्ही म्हणून ऐकून घेतोय,’ तो म्हणाला. ‘आमची पोरं रस्त्यात पडली आणि तुम्ही आफ्रिकेतल्या म्हातारीसाठी पदर पसरता?’

‘दादा, तुमची मुंबई काय तिनं दडवून ठेवलीय?’

गॅलरीतल्या बायका फिसकन हसल्या. कोंडीराम भडकला. ‘मुंबई आमच्या बापाची हाय!’

‘हायच की! मग डोळे बांधून तुमचं स्वतःचं दार तेवढं गाठून दाखवा. गाठलंत तर मी आल्या पावली परत जाते. चुकलात तर मनाला येईल ते द्या.’

एवढ्या लोकांसमोर माघार कोण घेणार? नळापाशी त्याचे डोळे बांधले, तीन गिरक्या दिल्या आणि सोडला. चाळच ती, सगळी दारं एका मापाची. ‘डावीकडं रे!’ ‘अरे मोरी हाय ती, मोरी!’ सगळे ओरडून त्याला आणखी चकवत होते. भिंत चाचपत, दारं मोजत गडी ऐटीत एका घरात शिरला आणि आनंदीबाई म्हणून एक शेजारीण होती, तिच्या भिजवलेल्या कपड्यांच्या बादलीत पाय घालून उभा राहिला. अख्खी चाळ हसून लोळली. तोही हसला. त्याची बायको मला नंतर म्हणाली, जानेवारीपासून पहिल्यांदा.

मग तो तिथंच उंबऱ्यावर बसला. पट्टी काही सोडली नाही.

‘आणि त्या म्हातारीला हे रोज?’

‘उठल्यापास्नं निजेपर्यंत.’

दुसऱ्या दिवशी कोंडीराम स्वतः पट्टी घेऊन शेजारच्या चाळीत हजर! त्या दिवाळीत निम्मं लालबाग आंधळी कोशिंबीर खेळत होतं. कुणी चार आणे दिले, कुणी रुपया, एका आजीनं तर आंधळी न होताच दिला, म्हणाली मला काय कमी दिसतंय का मेल्यांनो.

एवढं करूनही एका माणसाचं तिकीट कमी पडलं. मंडळाची बैठक बसली. डॉक्टर, नर्स, कंपाउंडर यांच्याशिवाय ऑपरेशन होणार नाही. उरलो मी आणि राधाबाई. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी कागदांकडे. परवाने, औषधांची जकात, बंदरावरच्या सह्या, असं काहीबाही मी पुटपुटलो.

‘साहेबांना जाऊ द्या,’ राधाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. ‘मला कागद वाचता येत न्हाईत. साहेबांना पेज भरवायला शिकवता येईल.’

‘छे छे, तुम्ही जा,’ असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. वर्षभर वणवण त्यांची, शब्द त्यांचा, आणि बोटीत चढणार मी.

पुढच्या रविवारी परळला त्यांच्या खोलीत शिकवणी झाली. ऑक्टोबरात नागपूरला जाऊन त्या दीक्षा घेऊन आल्या होत्या, भिंतीवर बुद्धांची नवी तसबीर होती. मला चटईवर उताणं झोपवलं, डोळे बांधले आणि वाटीत चमचा वाजला.

‘चमचा आधी खालच्या ओठाला टेकवायचा. मग थांबायचं. त्याची सवड बघायची, आपली न्हाई.’

मी सगळी वाटी संपवली. कोमट, मीठ बेताचं, वर साजूक तुपाचा थेंब. पट्टी सोडली तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

‘पोट बरं हाय न्हवं आता?’ त्या म्हणाल्या. आणि खळखळून हसल्या.

सत्तावन्नच्या जानेवारीत आम्ही पोचलो तर झुहरा इस्पितळाच्या फाटकात बसलेली. मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन झालं. संध्याकाळी मी चमचा तिच्या ओठाला टेकवला, थांबलो. तिनं माझं मनगट चाचपलं आणि काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणून बोलावलेला तोच गुजराती दुकानदार म्हणाला, ‘पूछती है, बाई किधर है?’

मी खरं ते सांगितलं. अभिमानानं सांगितलं! पैसे कमी पडले, म्हणून बाईंनी तुझ्या डोळ्यासाठी आपली जागा सोडली. म्हातारीनं माझं मनगट सोडलं. आठव्या दिवशी पट्टी सुटली आणि तिनं डॉक्टरांची बोटं मोजली. बरोबर मोजली.

मुंबईला उतरलो तो सामानासकट परळला गेलो. राधाबाई दारातच होत्या.

‘दिसलं?’

‘दिसलं.’

‘नीट?’

‘लवंगेतली काडी वेगळी काढते.’

त्या होत्या तिथंच खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून पोटभर रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, ‘माझं विचारलं का तिनं?’

मी सगळं सांगितलं. काय बोललो तेही, मोठ्या तोऱ्यात. त्यांनी कपाळावर हात मारला.

‘अवो साहेब, अक्कल काय बोटीत विसरलात? असं सांगतात व्हय? आता जे बघंल ते माझ्या उपकारातनं बघंल ती! समुद्र बघितला तरी मीच, लवंग बघितली तरी मीच! काढा कागद. त्या दुकानदाराला लिवा, तिला वाचून दाखवंल.’

मी ट्रंकेवर बसून कागद काढला.

‘लिवा, साहेबांचं चुकलं. तिकिटाचं काय न्हवतं. बाईच्या मुलीचं लगीन निघालं, म्हणून ती आली न्हाई.’

माझा हात थांबला. राधाबाईंना मूलबाळ नव्हतं, हे अख्ख्या परळला ठाऊक होतं.

‘राधाबाई, मुलगी...’

‘लिवा हो.’

‘नाव काय लिहू?’

‘यशोधरा,’ त्या म्हणाल्या. क्षणभरही विचार न करता म्हणाल्या.

‘आणि जावई?’

‘छापखान्यात हाय. शिकलेला. दारू पीत न्हाई.’ मी टाक धरून बसून राहिलो.

‘आणि शेवटी लिवा,’ त्या म्हणाल्या, ‘पोरगी सुखात हाय.’

मी लिहिलं.