बाजेचा तिसरा चोर

जाईबाईचा बाप आभाळात चोर म्हणून टांगलेला आहे. त्याला तिथून खाली उतरवायचा, या एका हट्टापायी तिनं गावातल्या पोरांना तारे शिकवले. कोणाला वाटेल, बाई हौशी, ज्ञानाची भारी आवड! कशाची आवड अन् कशाचं काय. राग होता तो, निव्वळ राग.

भातकुलीच्या पुढं पेढी नदीच्या अंगाला तिचं गाव. या गावात सप्तर्षींना कोणी सप्तर्षी म्हणत नाही. पुढचे चार तारे म्हणजे बुढीची बाज, म्हातारीची खाट, आणि मागचे तीन म्हणजे ती बाज पळवणारे चोर. गोष्ट जुनी आहे, चार गावांत सांगतात. पण ज्या गावाचं ज्याच्याशी वाकडं, त्याला ते गाव त्या तिघांत बसवतं. या गावानं शेवटच्या ताऱ्यावर मोतीरामला बसवलं, म्हणजे जाईबाईच्या बापाला. "थो पाय, मोत्या चोर," असं म्हणत इथली पोट्टी मोठी होतात. मोतीरामला मरून वीस वर्षं झाली. तरी उन्हाळ्यात अंगणात बाजा पडल्या की गावाच्या तोंडी मोत्या आलाच.

जाईबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. वय चौपन्न, तोंड तिखट. लग्न होऊन अकोल्याला जुन्या शहरात गेली होती, तिथं तीन वर्षं टिकली. एकदा भांडणात नवऱ्याच्या तोंडून निघालं, "तू त चोराचीच पोट्टी." तिनं चुलीवरची भाजी उतरवली, विस्तव विझवला आणि मोर्णा नदीचा पूल ओलांडून बसस्टँडवर आली ती आली. नवरा दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा तिनं त्याला दारातूनच वाटेला लावलं.

मग तिनं पोरं धरली. शाळेच्या जुन्या पुस्तकातून सात ऋषींची नावं पाठ केली आणि संध्याकाळी आपल्या अंगणात पोरांकडून घोकून घ्यायला लागली. शेवटचे तीन कोण? अंगिरस, वसिष्ठ, मरीची! आता हिचं घर बौद्धांचं, घरात बुद्ध अन् बाबासाहेब. ऋषीमुनींशी हिचं काय देणंघेणं? पण बापाच्या जागेवर दुसरा कोणीही बसला असता तरी तिला चालणार होता. जो पोरगा मरीची म्हणेल त्याला गुळाचा खडा. जो मोत्या म्हणेल त्याच्या पाठीत धपाटा. पोरं हुशार, गूळ खायपुरतं मरीची म्हणायची आणि घरी जाऊन मोत्या. तीस वर्षं हेच चाललं.

बाकीचे तारे मात्र तिनं मनापासून शिकवले, कारण ते बापानं दाखवलेले. मोतीराम ज्वारीची जागल करायचा, तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीनं तीन तारे, कुठं आलं ते पाहून रात्र किती उरली ते सांगायचा. गावानं चोर ठरवल्यापासून तो मरेपर्यंत बाजेवर निजला नाही. उघड्यावर भुईवर पडायचा आणि पोरीला आभाळ दाखवायचा. बाजेपाशी आला की त्याचं बोट खाली यायचं.

आणि हे नाव ठेवणारा कोण, तर पुंजाजी. वांग्याचा, मिरचीचा मळा, शेवंतीची वाडी, अमरावतीच्या बाजारात वट. बहात्तर वर्षांचा म्हातारा, पण जीभ अजून पाजळलेली. शाळेच्या कार्यक्रमात पहिली खुर्ची त्याची. जाईबाईच्या हातची खिचडी त्यानं आजवर तोंडाला लावली नाही, "मले पचत नाई" म्हणतो. पचत नाई! लग्नाच्या पंगतीत दहा-दहा वांग्याच्या फोडी हाणतो तेव्हा बरं पचतं. जाईबाईनं एकदा भर चौकात त्याला विचारलं होतं, "माह्या बापाचं नाव काहून शिकवता जी पोट्ट्याईले?" तर हसून म्हणाला, "मी त ताऱ्याचं नाव सांगून राहिलो. चोराच्या मनात चांदणं!" तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. "माह्या बापानं बाज चोरली नाई," ती ओरडली. तो म्हणाला, "नाई? मंग खा आपल्या बापाची शपथ."

तिनं खाल्ली नाही. कारण बाज नेली होती, हेच तर खरं दुखणं होतं. मोतीराम स्वतः म्हणायचा, "विचारल्याबिगर नेली माय, थे खरं हाय." बापच असं म्हणाला तर पोरीनं भांडावं कशाच्या जोरावर? म्हणून ती नुसतंच नाही नाही म्हणत राहिली आणि पुरी गोष्ट तिनं कधी कोणाला सांगितली नाही. तिथंच ती चुकली.

या एप्रिलात साधना मॅडमनं शाळेच्या मैदानात आकाशदर्शन ठेवलं. अमरावतीहून दुर्बीणवाले सर आले. जेवणवेळेच्या आधीच सगळा गाव गोळा झाला. पुंजाजी पहिल्या खुर्चीवर, त्याची नात पिंकी पोरांच्या पहिल्या रांगेत. पिंकी पाचवीतली, आणि गंमत पाहा, जाईबाईच्या अंगणातली सगळ्यात हुशार पोर हीच. म्हाताऱ्याची नजर चुकवून यायची. जाईबाई चिवड्याची परात घेऊन मागं उभी होती.

सरांनी उत्तरेकडं बोट केलं. "मागच्या तीन ताऱ्यांपैकी मधला पाहा. त्याला चिकटून एक बारीक तारा आहे. ज्याला दिसला त्याचे डोळे चांगले." पोरं उड्या मारायला लागली, दिसला, दिसला! "शाब्बास. आता या तिघांची नावं कोण सांगेल?"

पिंकीचा हात सगळ्यांत आधी वर. उभी राहून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "अंगिरस, वसिष्ठ अन् मोत्या चोर!"

मैदानात हशा पिकला. पोरीनं जीभ चावली, पण आता काय उपयोग? अंगणात मरीची, घरात मोत्या, घाईत घरातलं तोंडाशी आलं. सरांनी भाबडेपणानं विचारलं, "हा मोत्या कोण?" झालं, पुंजाजीला तेवढंच पाहिजे होतं. खुर्चीवर सरसावून म्हणाला, "आमच्याच गावचा होता, साहेब. आमच्या मळ्यातल्या खोपटातून रातोरात बाज लंपास केली. तवापासून वर चढून बसला!"

परात खाली आपटली. चिवडा सांडला तरी जाईबाईनं पाहिलं नाही. मॅडम पुढं झाल्या, "जाईबाई, पाहुणे आहेत..."

"पाहुण्याईलेच सांगाचं हाय! मले बी सांगू द्या." ती दुर्बिणीपाशी येऊन उभी राहिली. "हो, नेली. माह्या बापानं बाज नेली, विचारल्याबिगर नेली. आज साऱ्याईच्या समोर कबूल करून राहिली मी. आता काहून नेली थे आयका."

कोणी हसलं नाही.

"श्रावण होता, पेढीले पूर. माही माय शकुन दोन दिवसापासून अडली होती. बाप या पुंजाजीच्या बापाकडं गेला, बैलगाडी मांगितली. म्हणे बैल थकले. चार बैल होते घरी, चारही थकले! मंग त्यानं मळ्यातली बाज उचलली. मायले तिच्यावर घातली, अन् तिघं दवाखान्यात निंगाले, दोन मामा पुढं, बाप एकटा मांगं. चौथा खांदा गावात भेटला नाई. भातकुली यायच्या आंधी, रस्त्यातच, मी झाली. त्या बाजेवर."

"अशा गोष्टी रचा लागते आता," पुंजाजी पुटपुटला.

"मंग खोटं पाडा ना! तिसऱ्या दिवशी बापानं बाज नदीवर धुतली, डोक्यावर घेऊन तुमच्या दारात नेली. परत केली जी! चोर काय बाज परत आणून देते? तुमच्या बापानं म्हटलं, बाज बाटली. चावडीपुढं जाळली. आगपेटीची काडी कोणं ओढली, पुंजाजी? अठरा वर्साचे होते तुमी. खा तुमच्या बापाची शपथ, का तुमी नाई ओढली."

पुंजाजीनं धोतराचा सोगा झटकला, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. शपथ काही खाल्ली नाही. मागं बसलेल्या चार म्हाताऱ्यांनीही खाली पाहिलं, म्हणजे त्यांनाही सगळं ठाऊक होतं. चौपन्न वर्षं ठाऊक होतं आणि गोष्ट सांगून खिदळत होते, मेले!

पिंकी अजून उभीच होती. एकदा आभाळाकडं, एकदा जाईबाईकडं पाहत होती. मग हळूच म्हणाली, "जाईमावशी, तिघं बाज चोरून नाई, घेऊन जाऊन राहिले. हो ना? मंग मधल्याच्या बाजूनं थे बारकी हाय, थे तू होय का?"

जाईबाईनं मान वर केली. इतकी वर्षं ती शेवटच्या ताऱ्याशीच भांडत होती. त्या बारक्या ताऱ्याकडं तिनं कधी धड पाहिलंच नव्हतं. डोळे भरून आले तिचे, आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"कोणती बारकी?" पुंजाजी खुर्चीतून खेकसला. मान वर करून, डोळे बारीक करून त्यानं आभाळ धुंडाळलं. "मले त काईच दिसून नाई राहिलं."

"तुमाले कशी दिसन, पुंजाजी?" जाईबाई म्हणाली. "चौपन्न वर्सं झाले, तुमच्या डोळ्यासमोर हाय मी."

पिंकीनं खाली बसून सांडलेला चिवडा परातीत भरायला घेतला. आजा दोनदा ओरडला, "चाल घरी!" पण ती उठली नाही.