श्वास चोरायचा न्हाई

आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर पेशंटला ‘कसं वाटतंय’ असं कधीच विचारायच्या नाहीत. उंबऱ्याशी चपला काढायच्या, खाटेच्या पायथ्याशी बसायच्या आणि म्हशीबद्दल, चुलीबद्दल काहीबाही बोलत नजरेनं पेशंटचे श्वास मोजायच्या. “विचारलं की माणूस खोटं बोलतंय. छाती न्हाई बोलत,” असं त्यांचं म्हणणं. ठेंगणी बाई, पण आवाज ओढ्यापलीकडे जाईल असा. आमच्या रिहे गावातल्या बायका त्यांना भ्यायच्या, आणि दुखलं की त्यांनाच बोलवायच्या.

आमच्याकडे त्या आल्या वहिनीसाठी. भातलावणी उरकली आणि वहिनीच्या उजव्या बरगडीत चमक येऊ लागली. शिंक आली तरी ती भिंत धरून उभी राहायची. आई म्हणाली, उसण भरलीय, आणि मिठाच्या पुरचुंडीनं आठ दिवस शेकलं. सिस्टरनी एकदाच पाहिलं आणि दादाला म्हणाल्या, “ही उसण न्हाई. उद्याच्या उद्या पुण्याला न्या हिला.” तिथे कळलं ते असं, की फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आहे, आत पाणी झालंय आणि मूळ क्षयाचं आहे. पाणी काढलं. सहा महिने एक दिवस न चुकवता घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या.

सिस्टर रोज यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी वहिनीला दुखऱ्या कुशीवर झोपायला लावलं. आई चिडली. पण बरगडी दबून राहिली, हलेनाशी झाली, आणि कितीतरी दिवसांनी वहिनीचा डोळा लागला. खोकला आला की उशी छातीशी घट्ट आवळून धरायची, हेही त्यांनीच शिकवलं. हात वर होत नव्हता म्हणून तिची वेणी त्याच घालायच्या.

दुखणं थांबायची गोळी दिली की अर्ध्या तासानं त्या तिला बसवायच्या, स्वतःचा तळवा तिच्या बरगडीवर ठेवायच्या आणि तिच्याबरोबर खोल श्वास घ्यायच्या. “श्वास चोरायचा न्हाई. चोरलास तर फुफ्फुस आकसून बसंल.”

“सिस्टर, लई दुखतंय हो.”

“मग रड. रडायला बी श्वासच लागतोय.”

वहिनी रडता रडता हसायची आणि हसल्यामुळे पुन्हा कळवळायची. महिन्याभरात ती परसात फिरू लागली.

त्याच सुमारास माझं लग्न जमत होतं. मी हिंजवडीत कंपनीत, मुलगी भूगावची, घर चांगलं. सिस्टरची स्कूटर रोज आमच्या दारात उभी राहिली की घरात क्षय आहे अशी गावात चर्चा होणार, ही आईची धास्ती. पण बोललो मी. शिकलेला, सगळं माहीत असलेला मी.

“सिस्टर, पाहुणे येणारेत. पंधरा दिवस नका येऊ.”

“गोळ्या कोण बघणार?”

“मी बघतो.”

 गोळ्यांची पाकिटं माझ्या हातात देऊन त्या गेल्या. पंधरा दिवसांचे साखरपुड्यापर्यंत झाले, साखरपुड्याचे लग्नापर्यंत. मधे त्या दोनदा आल्या. दोन्ही वेळा मी त्यांना दारातच अडवलं. दुसऱ्यांदा तर पाहुण्यांची गाडी अंगणात होती. त्या वळल्या.

मी कामावरून फोन करायचो, “वहिनी, गोळी घेतली?” ती म्हणायची, “व्हय भावजी.” गोळ्यांनी तिला मळमळायचं, आणि दुखणं तर थांबलं होतं. लग्नात ती चार दिवस पायांवर उभी होती. नंतर खोकला परतला तेव्हा न उघडलेली पाकिटं तांदळाच्या पिंपामागे सापडली. तोवर रोग दोन्ही फुफ्फुसांत पसरला होता आणि साध्या गोळ्यांना दाद देईनासा झाला होता.

मग मीच सिस्टरना आणायला गेलो. त्यांनी लगेच स्कूटर काढली. शेवटपर्यंत त्या रोज आल्या. वहिनीचं अंग पुसलं, पाठीवर जखम होऊ दिली नाही. पण आता तळवा बरगडीवर ठेवला की त्याखाली फारसं काही हलत नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी वहिनी मला म्हणाली, “भावजी, लग्न मात्र झकास झालं तुमचं.” सिस्टर उठून बाहेर गेल्या.

दहाव्यानंतर मी उपकेंद्रात गेलो. “माझं चुकलं,” म्हणालो. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“तू दारात उभा होतास,” त्या म्हणाल्या. “पण मी का वळले? ढकलून आत शिरायला पाहिजे हुतं मी. नोकरीच ती माजी.”

मला वाटलं होतं, त्या मला शिव्या देतील. तेवढंही त्यांनी दिलं नाही. त्या वर्षी त्यांनी बदली मागून घेतली आणि तालुक्याबाहेर गेल्या.

माझी बायको वहिनीच्या फोटोला रोज फूल वाहते. सिस्टरना मी का थांबवलं होतं, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.