जानेफळच्या वरातीतली फायबरची मोटार

माझे बाबा मेहकरला एका जमीनदाराकडे ड्रायव्हर होते. मालकांची उघड्या टपाची विलायती मोटार त्यांनी ऐन जवानीपासून चालवली. मालक वारले आणि मुलांनी ती मुंबईच्या एका शौकिनाला विकून टाकली. न्यायला माणसं येईपर्यंत गाडी शेडमध्येच उभी होती. तेवढ्यात दादानं परवानगी काढून तिचे साचे घेतले. तो मुंबईला फायबरच्या होड्या बनवणाऱ्या कारखान्यात राहून आला होता. काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर उग्र वासाचं रसायन, असे थर देत त्यानं आमच्या अंगणात हुबेहूब तशी बॉडी उभी केली आणि एका जुन्या जीपच्या सांगाड्यावर चढवली. वरातींना भाड्यानं द्यायची होती.

बाबांनी बॉनेटवर बोट वाजवून पाहिलं. "डब्यावाणी वाजते."

"लांबून कोणाले समजते, बाबा?"

"मले समजते ना."

त्यांनी ती चालवायला नकार दिला. पण जानेफळच्या लग्नात मुलीचे वडील त्यांचे जुने स्नेही निघाले. "तुमीच चालवा," म्हणून ते अडूनच बसले. बाबांनी जुना कोट घातला. मी आणि दादा वरातीबरोबर चालत होतो.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. गावातल्या विहिरी आटल्या होत्या, टँकर नुकताच येऊन गेला होता. पारापाशी कोणीतरी अनार लावला. ठिणग्या मागच्या सीटवर पडल्या, सीट पेटली, आणि बघता बघता बॉडीनंही पेट घेतला. बाबांनी गाडी थांबवली, नवरदेवाला हाताला धरून खाली ओढलं, लोकांना मागे रेटलं. धूर इतका काळा की समोरचं माणूस दिसेना.

दादा पाण्यासाठी धावला. पाराच्या कडेला बाया भरलेले हंडे घेऊन उभ्या होत्या. तो एकीच्या समोर जाऊन थांबला. तिनं हंडा मागे घेतला नाही, पुढेही केला नाही. तिचं लेकरू पदराला धरून उभं होतं. दादानं हात पुढे केलाच नाही. तो तसाच परतला आणि ओंजळीनं माती टाकू लागला. मीही टाकली. काही उपयोग नव्हता. डोळ्यांदेखत मडगार्ड मेणासारखं वाकलं आणि गळून पडलं. आम्ही बघत राहिलो.

नवरदेव पायीच मांडवात गेला. लग्न लागलं. कोणी आम्हाला बोल लावला नाही, उलट जेवायचा आग्रह केला. तो जास्त जड गेला.

सकाळच्या एसटीत दादानं विचारलं, "बाबा, तुमी काहीच काऊन बोलून नाही राह्यले?"

बाबांच्या भाजलेल्या हाताला मुलीच्या आईनं तूप लावून फडकं बांधलं होतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काय बोलू? चालायले चांगली होती रे."

दादानं मान खाली घातली. पुढच्याच महिन्यात तो पुन्हा मुंबईला त्या कारखान्यात गेला. मी त्याला थांब म्हणाले नाही. थांबून इथं काय कर, हे मलाही सांगता आलं नसतं.