टीचरने बसवलेला आवाज

"तुका व्हया, काय सगळ्यांक व्हया?"

संगणकावर काहीही नवीन बसवायचं म्हटलं की टीचरचा हा पहिला प्रश्न. हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायची, चष्म्याच्या वरून बघायची आणि उत्तर येईपर्यंत तशीच बसून राहायची. समोर पाचवीतली मुलगी असो नाहीतर मुख्याध्यापक, तिला फरक पडत नसे.

मालवणजवळच्या आमच्या शाळेत ती संगणक शिकवायची आणि मी मराठी. सगळं गाव तिला टीचर म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणायला लागले आणि आम्ही एकेरीवर आल्यावरही तेच नाव राहिलं. शाळेच्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. एकेका यंत्रावर बऱ्याच जणांची खाती आणि प्रत्येक खात्याचा आपला एक फोल्डर. त्या फोल्डरांच्या जागेचं नावच होम, म्हणजे घर.

"घरात तुका काय व्हया तां बसव," ती सांगायची. "माका इचारू नको. पण सगळ्यांच्या जाग्यात ठेवूचां आसात तर माका इचार. थंय ठेवलेलां सगळे वापरतत. आणि मोडलां तर सगळ्यांचां मोडता."

सगळ्यांच्या त्या जागेचा पासवर्ड तिच्याकडे होता आणि तो ती कोणाला देत नसे. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. वाडीच्या विहिरीवर कोण कशी बादली सोडतो याच्यावर नजर ठेवणारी. आपण त्यांना मागून हसतो आणि पाणी त्यांच्यामुळे स्वच्छ राहतं.

एकदा विज्ञानाच्या सरांना ग्रहताऱ्यांचा एक प्रोग्राम हवा होता. यंत्र सारखं "परवानगी नाही" म्हणत होतं. टीचरने पासवर्ड टाकला आणि तेवढ्यात तिला ऑफिसातून बोलावणं आलं. ती परत येईपर्यंत सरांनी इंटरनेटवर एक उपाय शोधला आणि यंत्रातल्या प्रत्येक फाइलीवर प्रत्येकाला सगळी परवानगी देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी ते यंत्र तिचाही पासवर्ड घेईना.

"दारां सगळी उघडी टाकलात, सर," ती शांतपणे म्हणाली. "आता घराकच कळणा नाय धनी कोण आणि चोर कोण."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून ती शाळेत आली आणि ते यंत्र पुसून पुन्हा उभं केलं. सोमवारी सर आले तेव्हा त्यांचा प्रोग्राम त्यांच्या स्वतःच्या घरात बसवून तयार होता. "बघा आता चांदण्यो," एवढंच म्हणाली.

आवाज तिचा मुळातच जाड. प्रयोगशाळेत ती कोणाला ओरडली की पटांगणावरची मुलं गप्प व्हायची. एका गणपतीच्या सुट्टीनंतर तो बसका झाला आणि तसाच राहिला. "खडूची धूळ," ती म्हणायची. तिने खडू हातात धरून वर्षं झाली होती. हे आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं होतं आणि कोणी बोललं नाही.

गोव्याच्या इस्पितळात कळलं की स्वरयंत्रात गाठ आहे आणि स्वरयंत्र काढावंच लागेल. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "मोबाइलमध्ये काय तरी बोलून ठेव गो. काय्ये."

"कित्या? मागसून वाजवूक?" असं म्हणून ती हसली आणि हसता हसता खोकत राहिली. तिने काही बोलून ठेवलं नाही. त्या बसक्या आवाजातलं ते वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेलं शेवटचं.

ती परत आली ती गळ्यावर पांढरं फडकं बांधून. आमच्याशी मोबाइलवर लिहून बोलायची. आमचं निभत होतं. घरी मात्र तिची आई होती. सगळे जिला मांय म्हणायचे ती म्हातारी. टीचरने लग्न केलं नव्हतं, समुद्राकडच्या रस्त्यावरच्या कौलारू घरात त्या दोघीच. आणि मांयचे डोळे काचबिंदूने केव्हाच गेले होते.

विचार करा. एकीला बोलता येत नाही आणि दुसरीला वाचता येत नाही. खांद्यावर एक थाप म्हणजे होय, दोन म्हणजे नाही, एवढ्यावर त्या दोघींचा दिवस चालायचा.

अडायचं ते संध्याकाळी. ख्रिस्ती घरांत दिवेलागणीला तेर्स म्हणतात, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. त्यात प्रत्येक मण्याला अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची आणि उरलेली अर्धी दुसऱ्याने. टीचर लहान असल्यापासून पहिली अर्धी मांयची आणि दुसरी तिची. आता मांय आपली अर्धी म्हणून थांबायची. खोलीत नुसती माळेची खुळखुळ. टीचर तिच्या खांद्यावर थाप मारायची आणि मांय पुढच्या मण्यावर जायची.

"अर्धो तेर्स देवाक पावता काय गो?" मांयने एकदा मला विचारलं. मी वैभववाडीकडची, आमच्या घरी भजन. मला काय माहीत. पण मी "पावता" म्हटलं.

मग टीचरने आपल्या लॅपटॉपवर लिहिलेलं बोलून दाखवणारा एक प्रोग्राम बसवला. फुकटचा, कोणीही घ्यावा असा. पहिल्या संध्याकाळी मी तिथे होते. मांयने आपली अर्धी प्रार्थना म्हटली. टीचरने उरलेली लिहिली आणि यंत्रातून एक पुरुष खणखणीत, सरळ सुरात ती बोलला. मांयने माळ खाली ठेवली.

"हो कचेरीतलो माणूस आमच्या घरात तेर्स कित्या म्हणता?"

टीचरचे खांदे हलायला लागले. आवाज न करता माणूस इतकं हसू शकतं हे मी तेव्हा पाहिलं. मग ती उठून पडवीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

त्यानंतर ती त्या आवाजाच्या मागेच लागली. पुरुषाची बाई केली, सूर खाली आणला, बोलणं सावकाश केलं. तरी ते परकंच वाटायचं, कारण चहातला च आणि चुलीतला च त्या यंत्राला एकच. जेवणातला ज आणि जाळ्यातला ज एकच. आपल्याकडे शब्दाच्या शेवटी नाकातून जो सूर जातो त्याचा तर पत्ताच नाही. टीचरने एकेका शब्दाचा उच्चार त्याला लिहून द्यायला सुरुवात केली. मांय दिवसभर जे जे बोलायची त्यातले शब्द ती ऐकायची आणि यंत्रात घालायची.

हे सगळं तिने प्रोग्रामची एक वेगळी प्रत आपल्या घरच्या फोल्डरात ठेवून त्यावर केलं. मी म्हटलं, "लॅपटॉप तुझो एकटीचो. मगे हो खटाटोप कित्या?"

तिने लिहिलं, "मोडलां तर माझांच मोडांदे."

शिमग्याच्या सुमाराला एका संध्याकाळी यंत्राने दुसरी अर्धी प्रार्थना म्हटली आणि मांय म्हणाली, "आता बरां बोलतंस." यंत्राला नव्हे. ज्या बाजूला टीचर बसायची त्या बाजूला तोंड करून.

प्रत्येक मण्याला तीच ओळ असते. एकदा लिहून ठेवली की एक कळ दाबून पुन्हा पुन्हा वाजवता आली असती, आणि हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक. पण ती दर वेळी सगळी ओळ नव्याने लिहायची. त्यामुळे तेर्स लांबायचा, भात निवून जायचा. मी विचारलं तेव्हा तिने लिहिलं, "एका कळीर वाजवलंय तर मी खंय म्हटलंय? मशिनीन म्हटल्यान."

मांयला त्याची सवय झाली. कळांची टकटक सुरू झाली की ती मान किंचित खाली घालायची.

तोंडवलीचा एक रापणकार होता, किनाऱ्यावरून मासेमारीचं जाळं ओढणारा, त्याचंही तेच ऑपरेशन झालेलं. त्याची सून टीचरचं नाव ऐकून आली. त्या बाईच्या जुन्या लॅपटॉपवर टीचरने आपला आवाज घालून दिला, पुरुषाचा करून. आठ दिवसांनी सून मासे घेऊन आली आणि म्हणाली, "पयलो शब्द नातवाक गाळी घातल्यानी." टीचरने त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी स्वतः कालवण केलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात दुखणं फुप्फुसात उतरलं. या वेळी गोव्याहून ती लवकर परत आली. लवकर परत येणं चांगलं नसतं, हे मांयलाही कळलं.

एका दुपारी तिने मला बोलावलं. उशाला टेकून बसली होती, लॅपटॉप मांडीवर. बोटं थकलेली, एकेक अक्षर शोधल्यासारखं लिहीत होती. यंत्र बोललं, "माझ्या घरातलां माझ्या खात्याबरोबर बंद जातला. तां भायर काढतंय."

तिने तो प्रोग्राम आणि त्याबरोबर शब्दांची सगळी फाइल आपल्या फोल्डरातून उचलून सगळ्यांच्या जागेत नेली. कोणीही वाचावी, कोणीही वापरावी अशी परवानगी दिली. बदलायची मात्र नाही. मग माझ्या नावाचं एक खातं काढलं आणि तिथून आवाज चालतो की नाही, ते मलाच तपासायला लावलं. मी लिहिलं, "जेवलंस काय?"

यंत्राने ते मोठ्याने विचारलं. आतल्या खोलीतून मांय म्हणाली, "जेवलंय बाय, तू जेव."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

टीचर गेली त्याला आता वर्ष होईल. शाळेत तिच्या जागी आलेला तरुण चांगला आहे. तिची शब्दांची फाइल त्याने शाळेच्या सगळ्या यंत्रांवर घातली, आणि मुलं तिला वाटेल ते बोलायला लावतात. तोंडवलीचा रापणकार त्याच उच्चारांत अजून नातवाला शिव्या देतो, असं त्याची सून सांगते.

मांयकडे मी अधूनमधून जाते. मागच्या आठवड्यात दिवेलागणीला तिथेच होते. तिने माळ हातात घेतली, आपली अर्धी प्रार्थना म्हटली आणि थांबली. मी टीचरचा लॅपटॉप उघडून माझ्या खात्यात गेले होते. दुसरी अर्धी ऐकून ऐकून मलाही पाठ झाली होती. लिहायला लागले.

तिने हात पुढे करून माझी बोटं शोधली आणि वर हात ठेवला.

"नको गो," ती म्हणाली. "तू फास्ट लिवतंस."

मी हात काढून घेतला. मांय तशीच मान खाली घालून बसली. एक ओळ सावकाश लिहून व्हायला लागावा, तेवढा वेळ. मग दुसरी अर्धी प्रार्थनाही तिनेच म्हटली, आणि पुढच्या मण्यावर गेली.